शिवडीचा चिखल

मुंबईत पक्षी कुठे बघायचे असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. हार्बर लाइन पकडा आणि शिवडीला उतरा. समोरच्याला आधी वाटतं मी फिरकी घेतोय. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोडून हा माणूस आपल्याला गोदामं, ट्रक आणि तेलाच्या टाक्या बघायला का पाठवतोय? पण खरंच सांगतो. सीएसएमटीहून वीसेक मिनिटं लोकल, पूर्वेला उतरून पंधरा-वीस मिनिटं पायपीट, आणि समोर खाडी. जीप नको, गाईड नको, रात्रभराचा एसटी प्रवास नको. थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून आलेला तीसेक ग्रॅमचा पक्षी बघायला लोकलचं तिकीट पुरतं!

शिवडी प्रसिद्ध झाली ती रोहित पक्ष्यांमुळे, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंमुळे. दर हिवाळ्यात पेपरात तो गुलाबी फोटो येतोच. पण त्या उंच मंडळींच्या पायाशी नीट पाहिलं तर चिखल हलताना दिसतो. तो चिखल नसतो, ते पक्षी असतात. चिखल्या, तुतवार, टिलवे, पाणटिवळे, लांब लाल पायांचे शेकाटे... इंग्रजीत या सगळ्यांना मिळून ‘वेडर’ म्हणतात. रंग मातकट, त्यामुळे फोटोत काही येत नाहीत. पण खाडीचं खरं पब्लिक हेच.

या पक्ष्यांपेक्षाही मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. ही जागा उरलीच कशी? सात बेटांची मुंबई एक झाली तीच मुळी भराव टाकून. जिथे जिथे पाणी उथळ दिसलं तिथे तिथे आपण माती ओतली आणि प्लॉट पाडले. मग हा एवढा मोठा चिखल, तोही शहराच्या इतक्या आत, कसा काय सुटला? यावर थोडं वाचन केलं. इतिहासाच्या पुस्तकात पक्षी नसतात आणि पक्ष्यांच्या पुस्तकात इतिहास नसतो, त्यामुळे दोन्हीकडचे तुकडे जुळवावे लागले.

सुरुवात किल्ल्यापासून करू. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० च्या सुमारास बांधला. तेव्हा शिवडी हे परळ बेटाचं पूर्वेकडचं टोक होतं. किल्ल्याचं काम एकच, पूर्वेच्या समुद्रावर नजर ठेवणं. भीती होती ती जंजिऱ्याच्या सिद्दीची, आणि ती खरी ठरली. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाची फौज नेमकी शिवडीलाच उतरली आणि पुढे माझगाव, माहीम घेत मुंबईच्या मुख्य किल्ल्यापर्यंत जाऊन बसली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी औरंगजेबाची माफी मागून सुटका करून घेतली तेव्हा कुठे ती हलली. म्हणजे शिवडीच्या किनाऱ्यावर उभं राहून खाडीकडे टक लावून बघणं हा उद्योग सव्वातीनशे वर्षांहून जुना आहे. फक्त तेव्हा बघणाऱ्यांच्या हातात दुर्बिणीबरोबर तोफाही होत्या :)

पुढे सिद्दीची भीती संपली आणि किल्ल्याचं महत्त्वही. कैदी ठेवायला आणि नंतर बंदराचं गोदाम म्हणून तो वापरला गेला. आजूबाजूला बागा होत्या. त्यातल्या एका बागेच्या जागेवर १८६५ मध्ये ख्रिश्चन दफनभूमी झाली, ती आजही आहे. गावाबाहेरची जागा, दफनभूमीला योग्य... शिवडीची ही ओळख तेव्हापासूनची.

१८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि मुंबईचा पूर्व किनारा हळूहळू त्यांच्या ताब्यात गेला. त्यांचा सगळ्यात मोठा भराव म्हणजे माझगाव-शिवडी रेक्लमेशन, साधारण १९०८ ते १९१२ मधला. साडेपाचशे एकरांहून जास्त जमीन समुद्रातून वर काढली. १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बर लाइन आली. १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. १९२० च्या दशकात कुलाब्याचा कापसाचा बाजार इकडे हलला आणि स्टेशनला ‘कॉटन ग्रीन’ हे नाव आलं. आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेवरची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला धावली, ती याच हार्बर मार्गाने, म्हणजे शिवडीवरूनच! आज आपण ज्या लाइनने पक्षी बघायला जातो ती पक्ष्यांसाठी नव्हे, बंदरासाठी आणि गिरण्यांसाठी टाकली होती.

मग कारखाने आले. १९३२ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना शिवडीत निघाला. डालडाचा तो पिवळा डबा, त्यावरच्या पाम झाडासकट, आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात गेला तो इथल्या कारखान्यातून. १९३४ मध्ये लीव्हरचा साबणाचा कारखाना शेजारीच सुरू झाला. जुने पक्षीमित्र शिवडीचा रस्ता सांगताना ‘कोलगेट कंपनीवरून खाली जा’ असं सांगायचे. तूप, साबण, टूथपेस्ट... घराघरातली सकाळ शिवडीत तयार होत होती म्हणा ना.

खाडीच्या पलीकडच्या काठावर, माहुल-तुर्भ्याला, स्वातंत्र्यानंतर आणखी मोठी मंडळी आली. १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेल शुद्धीकरण कारखाने. १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी. त्याच सुमारास औष्णिक वीज केंद्र, नंतर १९६० च्या दशकात खतांचा कारखाना. ट्रॉम्बेच्या टेकडीखालचा किनारा ‘प्रवेश निषिद्ध’ झाला.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला बंदराची जमीन, जिथे सामान्य माणसाला काही काम नाही. पूर्वेला रिफायनरी आणि अणुसंशोधन केंद्र, जिथे बंदूकधारी पहारा. मधे गुडघाभर चिखल, ज्यात धड बोट चालत नाही, धड माणूस चालत नाही. भराव आणखी पुढे न्यायला जहाजांना खोल पाणी लागतं, ते इथे नाही. बिल्डरला लागणारी हवा, ‘सी व्ह्यू’, इथे कुणाला नको, कारण वास. म्हणजे हा चिखल कुणी जपला नाही. तो कुणालाच नको होता, म्हणून उरला. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममधलं जुनं मॉड्यूल, ज्याला कुणी हात लावत नाही, म्हणून ते चालू राहतं.

माणसाला नको असलेली ही जागा पक्ष्यांना इतकी का आवडावी? त्याचं उत्तर त्याच वासात आहे. मुंबईचं सांडपाणी खाडीत येतं. त्यातून नायट्रोजन, फॉस्फरस मिळतो, उथळ पाणी उन्हात तापतं आणि शेवाळ भरपूर माजतं. छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, मुख्यतः हेच सूक्ष्म शेवाळ खातो. चोच उलटी करून पाण्यात घालायची, जिभेने पंपासारखं पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीत शेवाळ अडकवायचं. मोठा रोहित चिखलातले किडे, बारीक कोळंबी वगैरे गाळून घेतो. दोघे एकाच पाण्यात उभे राहतात पण ताट वेगळं.

वेडर मंडळींचं गणित आणखी मजेशीर. चिखलात वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळे जीव राहतात. आखूड चोचीचा चिखल्या वरच्या थरावर नजर ठेवून धावत जाऊन टिपतो. मध्यम चोचीचा तुतवार दोन-चार सेंटिमीटर टोचतो. पाणटिवळ्याची लांब चोच थेट खालच्या अळ्यांपर्यंत जाते, आणि तिचं टोक इतकं संवेदनशील असतं की न बघता, नुसत्या स्पर्शाने भक्ष्य कळतं. एकाच चौरस मीटरमध्ये चार जातींचे पक्षी शेजारी शेजारी जेवतात आणि भांडण नाही. आपल्या लोकलच्या चौथ्या सीटवर हे जमायला हवं होतं!

हे सगळं बघायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागतं. पूर्ण ओहोटीला पक्षी एवढे लांब जातात की गुलाबी रेषेपलीकडे काही दिसत नाही. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. मधला काळ, साधारण भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास, हा खरा मुहूर्त. पाणी चढत येतं तसे पक्षी ढकलले जाऊन काठाशी येतात. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘दर रविवारी सकाळी आठ वाजता’ असा नियम चालत नाही.

या वेळापत्रकाचीही एक गोष्ट आहे, आणि इंजिनिअर मंडळींनी ती ऐकावीच. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होते आहे. सर्व्हे ऑफ इंडिया त्या नोंदींचं गणिती विश्लेषण करायची. चंद्राचा, सूर्याचा, त्यांच्या अंतराचा आणि तिरकेपणाचा परिणाम वेगवेगळा काढून प्रत्येकाची एक लाट मांडायची. या लाटांची बेरीज केली की पुढच्या वर्षाची भरती-ओहोटी मिळते. हाताने करायला हे काम भयंकर. लॉर्ड केल्विनने १८७० च्या दशकात त्यासाठी यंत्र काढलं, आणि १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी तसंच एक यंत्र लंडनमध्ये तयार झालं. चाकं आणि कप्प्यांवरून एकच तार फिरवलेली, प्रत्येक चाक म्हणजे एक लाट, आणि तारेच्या टोकाचं पेन कागदावर बेरीज काढणार. विजेशिवाय चालणारा कॉम्प्युटरच! म्हणजे १८८० च्या आसपास मुंबईचं कॉम्प्युटिंग लंडनला आउटसोर्स होत होतं. इतिहासाने नंतर दिशा बदलली, एवढंच.

ते सगळं जहाजांसाठी. पण पोर्टच्या त्या तक्त्यांवरच पुढे मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांच्या रविवारच्या सकाळी ठरायला लागल्या.

निरीक्षकांचा इतिहासही इथे जुना आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, १८८३ मध्ये मुंबईत सुरू झाली. संस्थापक आठ जण, त्यात दोघे आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १९३० च्या दशकात सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची पद्धतशीर यादी सोसायटीच्या जर्नलमधून छापली. १९४५ मध्ये सलीम अली कच्छच्या रणात रोहितांच्या प्रचंड वसाहतीत पोचले, जिला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणतात. मुंबईला येणाऱ्या रोहितांचं गुजरातशी हे जुनं नातं. २०२२ मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीत काही रोहितांच्या अंगावर जीपीएस टॅग बसवले, तेव्हा मुंबई-गुजरात ये-जा नकाशावर रेघ होऊन दिसली.

शिवडीत मात्र रोहित मोठ्या संख्येने दिसायला लागले ते १९९० च्या दशकाच्या मध्याला. त्याआधी १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला होता, १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू होऊन मुंबई बंदराची वर्दळ तिकडे वळू लागली होती, १९९२ मध्ये वाशीपर्यंत रेल्वे गेली होती. पुलांमुळे खाडीत गाळ वाढला, सांडपाणी वाढलं, शेवाळ वाढलं. एकच कारण दाखवता येणार नाही, पण शहराच्या घाणीने एक जेवणाचं ताट तयार केलं आणि पक्ष्यांना ते सापडलं, हे नक्की. २००४ मध्ये बीएनएचएसच्या यादीत माहुल-शिवडी खाडी ‘महत्त्वाचं पक्षीक्षेत्र’ म्हणून आली. पुढे तर रोहित बघायला शाळांच्या बसेस यायला लागल्या. नकोशा जागेला पहिल्यांदाच चाहते मिळाले.

इथून गोष्ट अवघड होते.

६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली. उत्तम निर्णय, त्याने किनारा वाचला. पण कायदा झाड बघतो, चिखल बघत नाही. कांदळवन हिरवं असतं, नकाशावर रंगवता येतं. उघडा चिखल उपग्रहाच्या फोटोत रिकामी जागा दिसतो. आणि वेडर पक्ष्यांना नेमका उघडाच चिखल लागतो. शिवडीत तर गाळ साचून कांदळवनच चिखलावर पुढे सरकतं आहे, म्हणजे एका चांगल्या गोष्टीने दुसरी चांगली गोष्ट आक्रसते.

ऑगस्ट २०१० मध्ये बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल समुद्रात सांडलं. बहुतेक हिवाळी पाहुणे तेव्हा इथे नव्हते, हे नशीब.

ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, सुमारे १,६९० हेक्टर. आनंद झाला. मग हद्द पाहिली. ऐरोली पूल ते वाशी पूल. शिवडी त्याच्या दक्षिणेला, म्हणजे बाहेर! ज्या जागेने मुंबईकरांना हे पक्षी दाखवले ती जागाच कुंपणाबाहेर राहिली.

आणि नेमका तिथेच पूल आला. मुंबईहून उरणकडे जाणाऱ्या पुलाची कल्पना १९६० च्या दशकातली. २०१८ मध्ये काम सुरू झालं आणि १२ जानेवारी २०२४ ला ‘अटल सेतू’ खुला झाला. २१.८ किलोमीटर लांब, आणि सुरुवात शिवडीच्या चिखलातून. आवाज अडवायला पुलाच्या कडेने भिंती लावल्या, पक्ष्यांवरच्या परिणामाचा दहा वर्षांचा अभ्यास बीएनएचएसकडे दिला. हे सगळं झालं हे मान्य करायला हवं. काम चालू असताना शिवडीचे बरेच रोहित उत्तरेला भांडुपकडे आणि पलीकडे नवी मुंबईला जास्त दिसू लागले. त्याच अभ्यासाच्या सुरुवातीच्या मोजणीत सगळ्या खाडीत मिळून रोहितांचा आकडा लाखाच्या वर गेला होता. म्हणजे पक्षी संपले असं कुणी म्हणू नये. पण ‘पक्षी आहेत ना, मग झालं’ असंही म्हणू नये. कारण भरतीला चिखल बुडाला की त्यांना थांबायला दुसरी जागा लागते, आणि नवी मुंबईतल्या त्या तलावांवरून वाद चालू आहेत. मे २०२४ मध्ये रात्री घाटकोपरवरून उडणारा थवा उतरत्या विमानाला धडकला आणि तीस-पस्तीसहून जास्त रोहित मेले. या पक्ष्यांना एक जागा पुरत नाही, जागांची साखळी लागते.

छोट्या वेडरांची बातमी तर होतच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक लाल यादी सुधारली, तेव्हा कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर हे दोघे ‘असुरक्षित’ गटात गेले. दोघेही उत्तर ध्रुवाजवळ वीण करतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. कोणत्या पेपरात त्यांचा फोटो पाहिलाय? मी तरी नाही.

तर मला यातून दिसतं ते असं. शिवडीचं साडेतीनशे वर्षांचं संरक्षण म्हणजे तिचा नकोसेपणा. तो आता संपला. पूल झालाय, कारखाने गेलेत किंवा जातायत, बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाचे आराखडे वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. आता शिवडी हवीशी झाली आहे, आणि मुंबईत हवीशी जागा म्हणजे काय हे सांगायला नको. पहारेकऱ्यांच्या आणि वासाच्या जागी आता दुसरं काहीतरी उभं राहायला हवं.

ते म्हणजे नोंदी. पूल होताना जी काही काळजी घेतली गेली ती आधीच्या आकड्यांमुळे. इथे किती पक्षी येतात हे कुणीतरी थंडीत, वासात उभं राहून मोजलं होतं म्हणून. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यात बहुतेक हौशी माणसंच असतात. आणि हौशी माणूस येतो तिथे, जिथे पोचणं सोपं असतं. म्हणून शिवडीला लोकल आहे ही गोष्ट मला नुसती सोयीची वाटत नाही. दुर्गम जागा संपली तर कुणाला कळतही नाही. इथे निदान बघणारे आहेत.

मोजणं अवघड नाही. थव्यातले दहा पक्षी नीट मोजा, तेवढा ठोकळा डोळ्यात धरा, त्यावरून शंभराचा अंदाज घ्या आणि तो शंभराचा ठोकळा किती वेळा बसतो ते बघा. तारीख, वेळ, भरतीची वेळ आणि आकडा, एवढं ‘ई-बर्ड’वर टाका. जातीबद्दल खात्री नसेल तर ‘छोटे वेडर, अंदाजे ४००’ असं लिहिलं तरी चालतं. सहज म्हणून टाकलेली नोंद दहा वर्षांनी कुठल्या सुनावणीत कामाला येईल सांगता येत नाही. आपण ऑफिसात दिवसभर लॉग लिहितो आणि वाचतो. महिन्यातून एक रविवार खाडीचा लॉग लिहायला हरकत नसावी.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ वेडरांसाठी चांगला. रोहित तर मेपर्यंतही असतात. पायात जुने बूट, डोक्यावर टोपी, साधी ८ बाय ४० ची दुर्बीण पुरते. काठावरून खाली चिखलात उतरू नका, तुम्ही रुताल आणि पक्षी उडतील. निघण्याआधी भरतीची वेळ तेवढी बघा.